पडायला माती

"कुणी टाकली रं ही माती हितं? कुणाच्या बानं सांगितलंतं?"

बाळाप्पांचा आवाज मी पाणी साठलेल्या दगडाच्या खणीच्या उतारावरूनच ऐकला. डोक्यावर धुण्याची बुट्टी होती, ती सावरत वर आले तर हे काय! तेलाचे एवढे मोठे व्यापारी, पेठेतलं मानाचं माणूस, पण खणीकाठच्या माळावर उभे राहून पोरांवर ओरडताहेत. अंगावर स्वच्छ सदरा, कपाळाला भस्माचे पट्टे आणि तोंडाने शिव्या. पोरं केव्हाच पांगली होती. एकटी माझी लेक झुंबर तेवढी चिंध्यांचा चेंडू हातात धरून जागच्या जागी उभी.

"आज्जा, जरा बाजूला व्हा की," ती त्यांना म्हणाली, "लगोरी मोडंल तुमच्या धोतरानं."

मला हसू आवरेना. बाळाप्पांनी मागे वळून पाहिलं.

"बयाबाई, हसताय काय? बघा की तुमच्या वस्तादांच्या हौद्यातली माती! नदीला सोडायची माती हितं पसरल्या. आन् तिच्यावर कोण कोण नाचतंय!"

तेवढ्यात मीरासाब आला. पुढे त्याचा रेडा, रेड्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली कातड्याची पखाल, आणि मागून एक पाय ओढत हा. त्याने बाळाप्पांकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्या टाकली, सावकार."

झालं! नाही म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? तांबडी माती काय जगात कमी आहे? पन्हाळ्याच्या बाजूला गाड्याच्या गाड्या मिळते. पण या माणसाला खोटं म्हणून बोलताच यायचं नाही. एवढा एक दुर्गुण सोडला तर माणूस सोन्यासारखा.

आता हे मातीचं प्रकरण काय, ते सांगते.

आमचे हे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. लोक त्यांना आण्णा म्हणायचे. तालमीत लाल मातीचा हौदा. त्यात पैलवान लढायचे, पडायचे, घाम गाळायचे. दरवर्षी दसरा झाला की हौद्यातली जुनी माती काढायची आणि नवी भरायची. नव्या मातीत तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून ती खोऱ्याने वरखाली करायची, तेव्हा कुठे ती लोण्यासारखी मऊ व्हायची. माणूस उंचावरून आपटला तरी हाडाला लागायचं नाही. तेल बाळाप्पांच्या दुकानातलं. हळद पेठेतल्या बायका कुटायच्या. ताक घराघरातून जायचं, आणि सगळ्यात जास्त माझ्याकडून. दोन्ही हात भरून येईपर्यंत मी ते घुसळलेलं असायचं. पण त्या हौद्यात पाऊल टाकायची बायकांना बंदी. मी वस्तादांची बायको, पण ती माती हातात कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं.

मीरासाब पखालजी. रोज उजाडता हौद्यावर पाणी मारायचं काम त्याच्या आज्यापासून त्याच्या घरात. मोहरमात तालमीत पीराचा पंजा बसायचा, तेव्हा सरबताला पहिलं पाणी याच्याच घरचं. आणि जुनी माती पोत्यांत भरून, रेड्यावर लादून पंचगंगेला सोडायची, तेही याच्याकडेच. पैलवान जी माती कपाळाला लावतात ती कुणाच्या पायाखाली यायला नको, अशी रीत.

हाच मीरासाब लहानपणी हुतुतूमध्ये याच माळावर पडला होता. सगळा माळ खडकाळ, खाली काळा पाषाण. गुडघा फुटला तो नीट बसलाच नाही. नाहीतर त्याला पैलवान व्हायचं होतं, असं त्याची बायको सुलतानबी मला एकदा म्हणाली होती. तो स्वतः कधी बोलला नाही. पाय ओढत दुसऱ्यांच्या कुस्तीला पाणी मारत राहिला.

तेव्हा कोल्हापुरात कुस्तीचे दिवस होते बाई! खासबागेचं मैदान नुकतंच बांधून झालं होतं. महाराजांचं राज्य, पैलवानांना दरबारातून खुराक, गल्लीगल्लीत तालीम. पण हे सगळं पैलवानांचं. बारकी पोरं कुठे खेळणार? तालमीत त्यांना हाकलायचे. देवळासमोर पुजारी ओरडायचा. रस्त्यावर गाड्या आणि टांगे. मग सगळी यायची या खणीकाठच्या धोंड्यांवर आणि फुटलेले गुडघे, सोललेली कोपरं घेऊन घरी जायची. झुंबरच्या गुडघ्यावरची खपली म्हणून कधी वाळलीच नाही. मी हळद दाबायची, वर दोन धपाटे घालायची, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

दोन वर्षांपूर्वी मीरासाबाने काय केलं, तर मातीची पोती घेऊन निघाला नदीला आणि वाटेतूनच वळला माळाकडे. आधी त्याने धोंडे वेचून काढले. मग एका कोपऱ्यात माती पसरली. पावसाळ्यात निम्मी वाहून गेली, पुढच्या दसऱ्याला आणखी टाकली. कोपऱ्याचं हळूहळू मैदान झालं. संध्याकाळी पेठेत पाणी वाटून झालं की उरलेली पखाल तो तिथे ओतायचा, धूळ बसवायचा. सुलतानबी पिंजाऱ्याची लेक, ती चिंध्या आणि कापसाच्या गुठळ्या घट्ट बांधून चेंडू करायची. फुटक्या कौलांची लगोरी. आट्यापाट्यांच्या रेघा मीरासाब स्वतः पाण्याच्या धारेने ओढायचा. कुणाला एक पैही पडत नव्हती.

आणि त्याचा नियम एकच. येईल तो गडी. कुणाचा, कुठल्या आळीचा, पोरगा का पोरगी, हे विचारायचं नाही. उशिरा आलेल्याने हरणाऱ्या बाजूला जायचं. आमची पोरं, मुसलमानांची पोरं, वाण्याची पोरं, वेशीबाहेरच्या आळीतली पोरं, ज्यांना तालमीच्या पायरीवरही कुणी उभं केलं नसतं, ती सगळी एका लगोरीभोवती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही क्षणभर कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू? मग झुंबर तोंडावर आपटली. माझा जीव वर गेला. ती उठली, तोंडातली माती थुंकली आणि हसत सुटली. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. त्या दिवसापासून मी मीरासाबाला मनातल्या मनात हात जोडले.

तर बाळाप्पांनी ते बघितलं आणि दिवेलागणीला तालमीत पंच बसले.

तालमीची भिंत आणि आमच्या माजघराची भिंत एकच. मी चुलीवरची भाकरी उतरवून ठेवली आणि भिंतीला कान लावून बसले. भाकरीपेक्षा हे महत्त्वाचं होतं.

"मीरासाब," ह्यांचा आवाज आला, "माती नदीला सोडायची, हे तुला म्हाईत हुतं का न्हवतं?"

"हुतं, आण्णा."

"मग?"

"पयली पाटी सोडली की नदीला. दर साली सोडतो. नदीचा मान हाय, त्यो दिला. बाकीची पोरास्नी दिली."

"कुणाला इचारलंस?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हणाला असता."

मी तोंडात पदर कोंबला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग बाळाप्पा सुरू झाले.

"तालमीची माती हाय ती. कपाळाला लावायची. तिच्यावर खालच्या आळीची पोरं, पोरी, कोण बी उड्या मारतंय. आन् त्यात तेल माझं हाय, माझं! बरं, मला एक सांग, त्या तुझ्या माळावनं पैलवान किती निघणार?"

"एक बी निघायचा न्हाय बहुतेक," मीरासाब म्हणाला.

"मग कशापायी ह्यो उद्योग?"

"खेळायपायी, सावकार. पैलवान हितं व्हत्यात, तितं पोरं नुसती खेळत्यात. खेळली तर काय बिघडलं? पोर पळणार म्हंजे पडणार. पडायला माती नगं व्हय त्यास्नी? हितं एवढं आडदांड गडी मऊ मातीत पडत्यात आन् बारकी पोरं धोंड्यावर. हे उलटं हाय की न्हाय, तुमीच सांगा."

 मला वाटलं, आता हे बोलतील. आता म्हणतील, मीरासाब म्हणतोय ते खरं आहे. ह्यांना ते पटलं होतं, मी पैज लावून सांगते. पण पंचांसमोर रीत मोडून बोलायचं धाडस मोठमोठ्या पैलवानांनाही होत नाही. त्यांनी पंचांचा निकाल सांगितला. सोमवारपर्यंत मीरासाबाने सगळी माती उचलून नदीला सोडायची. नाहीतर तालमीतलं काम सोडायचं.

 काम सोडायचं म्हणजे नुसतं पाणी मारायचं काम नव्हे. तीन पिढ्यांचा मान सोडायचा. मोहरमात पंजापुढे पहिलं पाणी आता दुसरा कुणी ठेवणार. बापाचं आणि आज्याचं नाव जिथे घेतात ती जागा सोडायची.

"काम सोडतो, आण्णा," मीरासाब म्हणाला. "पर माती उचलायला मला सांगू नगा. माझ्यानं व्हायचं न्हाय."

"तू नगं उचलू, आमी उचलतो," बाळाप्पा म्हणाले.

मग हौद्यावर पाणी मारायची बादली पालथी ठेवल्याचा आवाज आला आणि त्याच्या ओढत्या पायाचा. मला रडूच आलं. चुलीचा धूर म्हणायची सोय होती, पण धूर नव्हता.

हे जेवायला आले. मी ताट वाढलं. भाकरी वाढली, भाजी वाढली, ताक वाढलं नाही.

"ताक?"

"न्हाय."

"का? संपलं?"

"आजपास्नं ताक बंद. घरात बी आन् तालमीत बी."

"बया, तुला काय कळतंय तालमीतलं? पंचांचं काम हाय ते. बाईनं त्यात बोलायचं न्हाय."

"मग बाईचं ताक बी त्यात घालायचं न्हाय! बोलायचं तेवढं बाप्यांनी, घुसळायचं बाईनं, व्हय? अवं, त्या माणसानं तीन पिढ्या तुमच्या हौद्याला पाणी घातलं. त्यास्नी तुमी पोरासोरासारखं घालवून दिलंसा. एवढी छाती हाय तुमची, तीत जरा आवाज न्हवता का?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. कोरडी भाकरी खाल्ली आणि उठले. एवढा मोठा देह, पण त्या रात्री पाटावरून उठताना मला म्हातारे वाटले. माया आली, पण ताक दिलं नाही.

सोमवारी सकाळी बाळाप्पांनी दोन गडी, खोरी आणि पाट्या घेऊन माळ गाठला. मीरासाब रेड्याचं दावं धरून लांब उभा होता. खाली मान घालून. एखाद्या माणसाने आपलं घर उकलताना बघावं तसं त्याचं तोंड झालं होतं. पोरं खणीच्या काठावर चिडीचूप बसलेली.

गड्याने पहिलं खोरं मारलं आणि मी पदर खोचून पुढे गेले. एकटी नव्हते. मागे सुलतानबी होती, आमच्या आळीतल्या आठ-दहा जणी होत्या. कालपासून मी घरोघर हिंडले होते, पाय मोडेपर्यंत.

"थांब रं," मी गड्याला म्हणाले. "बाळाप्पा मामा, माती न्या. खुशाल न्या. तुमचं तेल हाय त्यात, कोण न्हाय म्हणतंय? पर त्यात माझं ताक बी हाय. तेवढं येगळं काढून द्या आन् मग न्या."

बाळाप्पा दोन पावलं पुढे आले.

"काय येड लागलं काय तुमास्नी? मातीतनं ताक येगळं निघतंय व्हय?"

"मग राहू द्या. माझा वाटा म्या पोरास्नी दिलाय. ह्यांची हळद हाय त्यात, ह्यास्नी इचारा. त्येंची लिंबं हायत, त्येंला इचारा. आमी कुणी आमचा वाटा नदीला सोडायला तयार न्हाय. तुमच्या तेलापुरती माती तेवढी मोजून घिऊन जावा."

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. बाळाप्पांचं तोंड तांबडं झालं. ते काहीतरी जोरात बोलणार, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून त्यांचीच बायको मल्लव्वा पुढे आली. जन्मात नवऱ्यापुढे तोंड न उघडलेली बाई. कर्नाटकातल्या माहेराचा हेल अजून तिच्या बोलण्यात होता.

"त्या तेलात बी अर्धा वाटा माझा हाय बघा," ती म्हणाली. "दुकान माझ्या अप्पानं घालून दिलेलं. माझा वाटा ऱ्हाऊ द्या हितं. आपला नातू बी येतोय हितं खेळाय, तुमास्नी म्हाईत न्हाय."

आता खोरं मारायचं कुठे? गडी एकमेकांकडे बघायला लागले. बाळाप्पांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काठावर बसलेल्या पोरांकडे पाहिलं. त्यात त्यांना नातू दिसला असावा. कारण ते एकदम म्हणाले, "मरू दे तिकडं," आणि पाठ फिरवून चालू लागले. गडी पाट्या घेऊन त्यांच्या मागे.

पोरांनी जो कल्ला केला तो रंकाळ्यापर्यंत ऐकू गेला असेल. मीरासाब माझ्यापाशी आला. 

"वयनी, लई केलंसा," एवढंच म्हणाला.

"म्या काय केलं? माझं ताक मागितलं. त्येंला द्यायला जमलं न्हाय."

माती राहिली. मीरासाबाचं काम मात्र परत आलं नाही. पंचांनी दिलेला शब्द मागे कोण घेणार? हौद्याला दुसऱ्या एकाचं पाणी सुरू झालं. तो कधी उशिरा यायचा, कधी सगळं एकाच जागी ओतायचा. हे तालमीतून आले की कुरकुरायचे, माती कोरडी लागतेय, माती गोळा होतेय. मी म्हणायची, "असंल बाई, मला काय कळतंय तालमीतलं?" 

मोहरम आला. तालमीत पंजा बसला. सरबताला पाणी दुसऱ्याने आणलं. मीरासाब त्या दिवशी गर्दीत शेवटी उभा होता, पांढरा धुतलेला सदरा घालून. त्याने लांबूनच दुव्यासाठी हात पसरले आणि निघून गेला. कुणापाशी एक शब्दाची तक्रार केली नाही. मी असते तर पेठ डोक्यावर घेतली असती. संध्याकाळी मात्र तो नेहमीसारखा माळावर होता, पोरांसाठी पाण्याच्या धारेने रेघा ओढत. मी तेव्हाच सुलतानबीला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याएवढा मोठा माणूस ह्या पेठेत दुसरा न्हाय." ती म्हणाली, "घरमें तो पानी भी खुद नहीं लेता, बया!" आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

त्यानंतरची एक संध्याकाळ. मी आणि सुलतानबी माळाच्या कडेला बसून चिंध्या बांधत होतो. पोरांच्या आट्यापाट्या रंगात आल्या होत्या. झुंबर पाटी धरून उभी आणि वेशीबाहेरच्या आळीतला एक काटकुळा पोरगा तिला हुलकावण्या देतोय. मीरासाब रेघेपाशी वाकून, डोळ्यात तेल घालून कुणाचा पाय कुठे पडतो ते बघत होता.

आमचे हे पेठेकडून येताना दिसले. मला वाटलं, मला हाक मारायला आले. घरी कुणी पाहुणं आलं असेल. पण ते माझ्याकडे न बघता सरळ पुढे गेले आणि तांबडी माती सुरू होते तिथे थांबले.

तालमीची एक पद्धत आहे. हौद्यात उतरायचं तर वस्तादाला विचारून. मग तो खासबाग गाजवलेला पैलवान का असेना. ह्यांना उभा जन्म लोक विचारत आले होते. ह्यांनी कुणाला विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

"वस्ताद," हे म्हणाले, "येऊ का आत?"

मी इकडेतिकडे बघितलं, दुसरा कोण वस्ताद आलाय म्हणून. सुलतानबीच्या हातातली चिंधी तशीच राहिली. तिला माझ्या आधी कळलं.

मीरासाबाने मान वर केली. ह्यांच्याकडे बघितलं. त्याच्या ओठांचं काहीतरी झालं, पण तेवढ्यात पोरांनी गिल्ला केला, काटकुळ्याने पाटी ओलांडली होती, आणि त्याची नजर पुन्हा रेघेवर गेली.

"जरा दम धरा, आण्णा," तो म्हणाला. "डाव चालू हाय."

"बरं," हे म्हणाले.

डाव बराच लांबला. आमचे हे तिथेच उभे राहिले.